परत पाठवलेल्या अर्जांची वही

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या संस्थेचं कार्यालय आहे. दोन खोल्या, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत. जागा मुद्दाम तिथे घेतली, कारण आमचं निम्मं काम त्या कचेरीच्या व्हरांड्यातच असतं. संस्था एकट्या बायकांबरोबर काम करते. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, आणि शेतकरी आत्महत्यांच्या घरांत मागे राहिलेल्या बायका. अर्ज भरून देणं, कागद जमवणं, पोरांच्या शाळेची फी, बचत गट, कधी सासरच्या माणसांशी बोलणी, सगळं त्यात येतं.

कार्यालयात दोन वह्या आहेत. एकीत कुणाला काय मिळालं त्याची नोंद. ती देणगीदार आणि ऑडिटर मागतात. दुसरीत कुणाला कशासाठी परत पाठवलं ते लिहिलेलं असतं. तारीख, गाव, कोणत्या टेबलावरून परत आली, कोणता कागद मागितला, आणि नकार तोंडी मिळाला की लेखी. हा शेवटचा रकाना मी कार्यकर्त्यांना कधीच रिकामा सोडू देत नाही. तोंडी नकाराला अपील नसतं, आणि आमच्याकडचे बहुतेक नकार तोंडीच असतात.

माझी खात्री आहे की गरिबीविषयीच्या सरकारी धोरणात संस्थेला काही घडवायचं असेल तर तिची ताकद या दुसऱ्या वहीत असते. मोर्चा लागतो, निवेदन लागतं, आमदारांची भेट आणि वर्तमानपत्रातली बातमीही लागते. पण तिथे जाऊन सांगायचं काय, हे ती वही ठरवते. सेवा करणाऱ्या संस्था वेगळ्या आणि हक्क मागणाऱ्या वेगळ्या, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो मान्य नाही. ज्याने स्वतः अर्ज भरला नाही त्याला अट कुठे टोचते ते कळत नाही, आणि जो नुसते अर्जच भरत राहतो त्याच्या दारातली रांग कधी संपत नाही.

अट टोचते म्हणजे काय, ते एका घरावरून सांगते. 2015 च्या दुष्काळात नवऱ्याने जीव दिलेली एक बाई आमच्याकडे आली ती दोन वर्षांनी. वय पंचविशीचं. हातात कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी. आत मृत्यूचा दाखला, पोलीस पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, घडीवर फाटलेलं आणि सेलोटेपने जोडलेलं रेशनकार्ड, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत काढत चेहरा पार काळा झालेलं आधार कार्ड. सातबाराही होता. दीड एकर कोरडवाहू, नाव सासऱ्याचं. "रान मीच करते ताई," ती म्हणाली, "पण नाव लागंना."

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारची एक लाख रुपयांची मदत आहे. 30 हजार रोख, 70 हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं, आणि पात्र ठरायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं असावं लागतं. हिच्या नवऱ्याने पैसे उचलले होते गावातल्याच एकाकडून. त्याच्याकडे ना परवाना, ना व्यवहाराची चिठ्ठी. प्रकरण अपात्र. एकदा तसा शेरा पडला की कचेरीच्या लेखी त्या घरात आत्महत्या घडलेलीच नसते.

मग राहतं निराधारचं अनुदान. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात 1980 पासून आहे. व्हरांड्यातल्या बायका त्याला पगार म्हणतात. "माझा पगार सुरू करा ताई." तेव्हा तो महिन्याला 600 रुपये होता. केंद्राची विधवा पेन्शन 40 वर्षांपुढे मिळते, म्हणजे पंचविशीत नवरा गेलेल्या बाईने पंधरा वर्षं थांबायचं. राज्याच्या योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. ती यादी 2002 च्या सर्वेक्षणावरची. 13 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. ते गुण मोजले गेले तेव्हा ही माहेरच्या शाळेत चौथी-पाचवीत होती. सासऱ्याच्या घराला त्या वर्षी गुण जास्त पडले आणि ते यादीबाहेर राहिलं. पुढे कमावता माणूस गेला, कर्ज झालं, जनावरं विकली गेली, तरी घर यादीबाहेरच.

यादीत नाव नसेल तर वार्षिक 21 हजार रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा. मी या आकड्यापाशी थोडी थांबणार आहे, कारण आमच्या वहीत सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा हाच. 21 हजार म्हणजे महिन्याला 1,750. घरात ती, दोन लेकरं आणि सासरा, म्हणजे माणशी 437 रुपये. 2011 मध्ये नियोजन आयोगाने खेड्यात दिवसाला 26 आणि शहरात 32 रुपये ही रेषा सर्वोच्च न्यायालयात सांगितली तेव्हा देशभर संताप उसळला होता. पुढे 2011-12 साठी ग्रामीण भागाची रेषा माणशी महिना 816 रुपये धरली गेली. चार माणसांच्या घराला ते वर्षाचे 39,168 रुपये होतात. ज्या रेषेला सगळ्यांनी तुटपुंजी म्हटलं, तिच्याही निम्म्याच्या आसपास या बाईचं घर बसलं पाहिजे, तरच ती निराधार.

प्रत्यक्षात काय होतं ते कचेरीतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असतं. उत्पन्न 21 हजारांच्या आत बसवलं जातं. दाखल्यावर 20 हजार लिहिलेलं असतं, नाहीतर 20,500. मनाचा चांगला तलाठी माणुसकीने तसा अहवाल देतो. दुसरा त्याच अहवालासाठी बाईला रोजगार बुडवून फिरवत ठेवतो. दोघांनाही माहीत असतं की एवढ्या पैशांत चार माणसं वर्षभर जगत नाहीत. मला यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते ती अशी की अट पाळायला बाईला खोटं सांगावं लागतं, आणि खोट्या दाखल्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला साहेबासमोर आवाज चढवता येत नाही. या बायका खिडकीशी मान खाली घालून उभ्या राहतात, त्यामागे हेही एक कारण आहे. धोरणावर बोलणाऱ्यांच्या लक्षात ते क्वचितच येतं. अट गरिबाला मदतीपासून दूर ठेवते एवढंच लोक म्हणतात. ती त्याची तक्रार करण्याची हिंमतही काढून घेते.

पुढे आम्ही या आकड्यावर एका पानाचं टिपण केलं. त्यात सरकारचेच दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. 2020-21 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 238 रुपये होती. केंद्राच्या कायद्याने तेव्हा दिलेले 100 दिवस एखाद्या बाईने पूर्ण भरले तर तिचे 23,800 रुपये होत. म्हणजे सरकारने हमी दिलेलं काम केलं की सरकारच्याच अनुदानाला ती अपात्र. खाली चार ओळींत मागणी: उत्पन्नाची मर्यादा ठरावीक आकड्यात न ठेवता किमान वेतनाशी जोडावी. त्या पानावर एकही विशेषण नव्हतं. आजवर आम्ही केलेल्या सगळ्या कागदांपैकी अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचलेला कागद हाच.

असा कागद करायला आम्ही शिकलो त्याला एक प्रसंग कारण झाला. मंत्रालयात एका वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काही संस्था मिळून गेलो होतो. निवेदन जाडजूड, सोबत फोटो आणि बायकांच्या हकीगती. साहेबांनी ते चाळलं, नंतर बाजूला ठेवून म्हणाले, "ताई, हे सगळं खरं आहे, मला मान्य आहे. आता मला सांगा, कोणत्या शासन निर्णयातला कोणता मुद्दा बदलायचा, आणि त्याजागी काय लिहायचं?" बरोबरच्या काही जणी दुखावल्या. एवढी दुःखं ऐकून माणूस मुद्दा क्रमांक विचारतो म्हणून. मला तो प्रश्न प्रामाणिक वाटला, अजूनही वाटतो. त्या खुर्चीतल्या माणसाच्या हातात जे आहे तेच तो मागत होता. शासन निर्णयातली ओळ तो बदलू शकतो. ती ओळ कुठली, हे त्याला माहीत नसतं. तलाठ्याला माहीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. आम्हाला दोन्ही टोकं दिसतात.

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत ही दोन टोकं जोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर घडलं ते महिला किसान अधिकार मंचामुळे, म्हणजे मकाममुळे. मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा 505 बायकांचं सर्वेक्षण मकामने 2018 मध्ये केलं. 2012 ते 2018 या काळात विधवा झालेल्या या बायकांपैकी 40 टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त 35 टक्के. 33 टक्के जणींना आपल्याला पेन्शन मिळू शकते हेच माहीत नव्हतं. आमच्या वहीत जे सुटं सुटं लिहिलेलं होतं ते जिल्ह्याजिल्ह्यांत तसंच घडतंय, हे त्या आकड्यांनी सांगितलं. शेतकरी आत्महत्यांवर तोवर खूप लिहिलं गेलं होतं. पाऊस, कर्ज, कापसाचा भाव, बोंडअळी. मेलेल्या माणसावर अहवाल होते. मागे राहिलेली बाई शेतकरी आहे आणि तिच्या नावावर काहीही नाही, ही गोष्ट धोरणाच्या चर्चेत अशा ठळकपणे आली ती या कामामुळे.

नोव्हेंबर 2018 मध्ये या बायका मुंबईला आझाद मैदानावर गेल्या. आमच्या तालुक्यातून गेलेल्यांपैकी बऱ्याच जणींनी मुंबई पहिल्यांदाच पाहिली. तिथे भाषणं करणारे पुष्कळ असतात. पण जिच्याकडे ती पिशवी असते, तिने ती उघडून एकेक कागद बाहेर काढत हा कुणी मागितला, हा मिळायला किती दिवस लागले, हा घेऊन गेल्यावर काय उत्तर मिळालं, असं सांगायला सुरुवात केली की पत्रकार लिहायला लागतात आणि पुढारी गप्प होतात. हे मी जनसुनवाईत वारंवार पाहिलंय. म्हणून आमच्याकडे नियम आहे, सुनवाईत कार्यकर्त्याने प्रस्तावनेपुरतं बोलायचं. बाकी बाई बोलेल. तिला बोलतं करायला आधी गावात बैठका घ्याव्या लागतात, सासरच्यांची भीती असते, "टीव्हीवर दिसली" म्हणून नाव ठेवणारे असतात. ते काम कुणाच्या अहवालात येत नाही, पण त्याशिवाय सुनवाई म्हणजे संस्थांचंच संमेलन होऊन बसतं.

जून 2019 मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या महिलांसाठी वारसनोंद, रेशन, निराधारचं अनुदान, मुलांचं शिक्षण अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेल्या गोष्टी त्याने एका कागदावर आणल्या. त्याच वर्षी निराधारचं अनुदान 600 वरून 1,000 झालं, पुढे 2023 मध्ये 1,500. ही वाढ एकट्या कुणाची नाही. त्यामागे अनेक संघटनांची वर्षानुवर्षांची मागणी आहे, निवडणुकाही आहेत. 2012 मध्ये दिल्लीत जंतर मंतरवर पेन्शन परिषदेचं धरणं झालं तेव्हा ऐंशी ओलांडलेले बाबा आढाव अरुणा रॉय यांच्यासोबत त्याच्या अग्रभागी होते. असंघटित कष्टकऱ्याला म्हातारपणी महिन्याला किमान दोन हजार रुपये मिळावेत, ही मागणी तेव्हाची. केंद्राचा वाटा मात्र 60 ते 79 वयाच्या माणसासाठी 200 रुपयांवरच थांबला. 2017 मध्ये 60 अर्थतज्ज्ञांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून तो 500 करायला सांगितलं, तरी नाही.

शासन निर्णय निघाला की शहरातले मित्र अभिनंदनाचे फोन करतात. आमचं काम त्या दिवशी दुप्पट होतं. निर्णय मंत्रालयातून निघतो, जिल्ह्याला पोचतो, तहसीलला त्याची प्रत येते आणि तिथल्या फायलीत जाते. जुलैत आम्ही एका सज्जावर गेलो तर तलाठ्याने तो पाहिलेलाही नव्हता. त्यात त्याचा दोष मला वाटत नाही. चार गावांचा कारभार एकट्याकडे. आम्ही झेरॉक्स काढल्या, महत्त्वाच्या ओळींखाली पेनने रेघा मारल्या आणि तलाठी, मंडळ अधिकारी, ग्रामसेवक, रेशन दुकानदार, सगळ्यांच्या हातात नेऊन दिल्या. बायकांनी ग्रामसभेत तो वाचून दाखवला. वारसनोंदीचे अर्ज एकेकीने वेगळे न देता गावातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी दिले, पोच घेऊन. पोच हा शब्द आमच्या बायकांना आता पाठ आहे. अर्ज दिला की हात पुढे करून उभ्या राहतात, शिक्का पडेपर्यंत.

मघाशी सांगितलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लगेच लागलं नाही. सासरा हयात असताना ती वारस ठरत नाही, तिथे शासन निर्णयाचा हात पोचतच नाही. दिराशी आणि सासऱ्याशी बोलणी करून पाऊण एकराची वाटणी झाली, तीही सासऱ्याच्या मनात नातवंडांची माया होती म्हणून. कायद्याने जे सुटत नाही ते गावात बसून सोडवावं लागतं, आणि असं किती ठिकाणी करावं लागलं याची नोंद ठेवली तरच पुढच्या वेळी कायद्यात काय हवं ते सांगता येतं. तिचं अनुदान सुरू झालं. शेळ्या घेतल्या. थोरली आता बारावीला आहे.

महाराष्ट्रात हे काम आमच्या आधी पुष्कळांनी केलंय. ऐंशीच्या दशकात संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, त्याआधी नवऱ्याने टाकलेली बाई ही सरकारी कागदात कुठे दिसतच नव्हती. ती ना विधवा, ना घटस्फोटित. रेशनकार्डावर नाव नवऱ्याच्या घरी, पोट माहेरी. आजही आमच्याकडे अशी बाई पुरवठा शाखेत गेली की तिला सांगतात, आधी जुन्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. ज्याने घराबाहेर काढलं त्याच्याच सहीची वाट पाहायची. वेगळं कार्ड मिळण्याची तरतूद आहे; ती दाखवून भांडावं लागतं. निराधार योजनेची पात्रतेची यादी मी नवीन कार्यकर्त्यांना मोठ्याने वाचायला लावते. अत्याचारित महिला, देवदासी, 35 वर्षांवरील अविवाहित स्त्री, कैद्याची पत्नी, तृतीयपंथी, सिकलसेलचे रुग्ण. यातलं एकेक नाव त्या यादीत यावं म्हणून कुठेतरी कुणीतरी आमच्यासारखाच व्हरांड्यात उभा राहिला असणार.

आता पैशांबद्दल, कारण ते टाळून या विषयावर बोलणं खरं होणार नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर कंपन्यांचा सामाजिक निधी संस्थांकडे येऊ लागला. तो शिलाई मशीनला मिळतो, पाण्याच्या टाकीला मिळतो, ज्याचा फोटो निघतो त्याला मिळतो. परत पाठवलेल्या अर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनाला कोण देणार? 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोठ्या संस्थेने परदेशी निधीतून लहान संस्थेला पैसे देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली. गावपातळीवर नोंद ठेवणाऱ्या संस्था बहुतेक लहानच असतात. त्या काळात आमच्या आसपासच्या संस्थांनी माणसं कमी केली, आणि पहिली गेली ती कचेरीत बसणारी, अर्जांचा पाठपुरावा करणारी माणसं. मला याची फार काळजी वाटते. दिल्ली-मुंबईत गरिबीवर अभ्यास करणारे उद्याही असतील. पण कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो, हे लिहून ठेवणारं माणूस तालुक्याला राहिलं नाही, तर ते अभ्यास कशावर करणार?

सरकारला मोठं पाऊल टाकता येत नाही असं नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा महिन्याला 1,500 रुपयांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. ज्या राज्याने निराधार बाईकडून इतकी वर्षं 21 हजारांचा दाखला मागितला, त्याच राज्याने. पैसे नाहीत, मर्यादा वाढवली तर तिजोरी रिकामी होईल, हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्या योजनेत निराधारचे 1,500 घेणारी बाई मात्र बसत नाही. व्हरांड्यात त्या दिवसांत एक मावशी मला म्हणाल्या, "नवरा असलेलीला तेवढेच, अन् नसलेलीला बी तेवढेच." निराधार असण्याचा म्हणून जो जादा आधार असायला हवा तो त्यात उरला नाही, हे त्यांनी एका दमात सांगितलं. ते वाक्य आम्ही वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलंय, आणि पुढच्या टिपणात तेच मांडणार आहोत.

सध्या वहीत नवे रकाने भरतायत. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. ज्या म्हातारीचे अंगठे ऊसतोडीने आणि खुरपणीने झिजलेत, तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. मोबाइल नातवाचा, तो पुण्याला, त्यामुळे ओटीपी तिकडे जातो. हयातीचा दाखला वेळेत दिला नाही की पैसे थांबतात. थांबलेले महिने मागाहून मिळतील का, याचं उत्तर दर वेळी वेगळं असतं, आणि तेही तोंडी. आम्ही तालुक्यातल्या अशा बायकांची यादी करतोय: पैसे कोणत्या महिन्यापासून थांबले, बँकेने काय सांगितलं, तहसीलने काय. मागण्या दोन आहेत. हयातीची खातरजमा तलाठ्याने किंवा आशाताईने गावात येऊन करावी. आणि पैसे थांबवण्याआधी एक महिना बाईच्या हातात लेखी नोटीस पडावी, कारणासकट. शेजारच्या तीन तालुक्यांतल्या संस्था त्याच नमुन्यात नोंदी घेतायत. आकडे जुळले की कोणत्या शासन निर्णयातल्या कोणत्या मुद्द्याच्या जागी काय लिहायचं, ते घेऊन मंत्रालयात जाऊ. बायका सोबत असतील, पिशव्या घेऊन.